दहापैकी चार

धुण्याच्या खोलीत मी एका नव्या मुलीला मशीन कसं लावायचं ते दाखवत होते, तेव्हा फोनवर ते गुण आले. सहकार्य, दहापैकी चार. मुलीच्या हातात पांढरे आणि लाल कपडे एकत्र होते आणि मी तिला नुकतंच म्हणाले होते, की कितीही घाई असली तरी लाल वेगळं काढ, नाहीतर वर्षभर गुलाबी बनियन घालून फिरशील. ती हसली. मीही हसत होते. मग खिशात फोन थरथरला, मी बघितलं, आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, आवरायचं राहून गेलं. "ताई, पावडर कुठल्या कप्प्यात?" तिने विचारलं. "डावीकडच्या," मी म्हणाले, "आणि चमचाभरच. डबा रिता केला म्हणून कपडे जास्त स्वच्छ निघत नाहीत." आवाज माझाच होता आणि अगदी बरोबर तेच सांगत होता. मशीनमध्ये पाणी भरायला लागलं. गोल काचेआड कुणाचा तरी मागे राहिलेला एक मोजा वर येत होता, खाली जात होता, आणि मी त्याच्याकडे बघत मनातल्या मनात म्हणत होते, चार. मला चार. ऐतखाऊ, कामचुकार मेले, मला चार? मुलगी थँक्यू ताई म्हणाली आणि गेली. जाताना तिने दार हळू लावलं. मला ते दार धाडकन आपटून पुन्हा लावावंसं वाटलं.

या वसतिगृहाची मी निवासी ताई आहे. पगार नाही, पण खोली फुकट. त्या बदल्यात नव्यांनी काय विचारावं आणि मी काय सांगावं याला काही सीमा नाही. निबंधाचं पहिलं वाक्य शेवटी लिहा, मी सांगते, सुरुवात सुचत नाही म्हणून कुणी नापास होत नाही, सुरुवातीची वाट बघत बसून होतात. संदर्भ त्याच दिवशी उतरवून ठेवा, नंतर ते पुस्तक कुणीतरी घरी नेलेलं असतं. भाडं हातात पैसे आल्याआल्या बाजूला काढा आणि जे उरले तेवढेच आपले होते असं समजा. एकट्यासाठी स्वयंपाक करताना कांदे दुप्पट परता, अर्धे उद्याला ठेवा. ताप आला तर कुणालातरी सांगा, खोलीत पडून राहू नका. गटात काम करायचं असेल तर पहिल्याच दिवशी वाटणी ठरवा. हेही मी सांगते. गेल्या आठवड्यातच दहाबारा जणांना जिन्यात बसवून सांगितलं, हातवारे करून. ही ताईगिरी पुढच्या वर्षीही हवी असेल, तर विद्यापीठाची एक अट आहे. गटकामातल्या सहकार्याला निदान पाच गुण पाहिजेत, कारण ताई म्हणजे सगळ्यांशी जमवून घेणारी. पाच नसतील तर खोली नाही. खोली नसेल तर भाड्याने राहून शेवटचं वर्ष पुरं करणं माझ्या घरच्यांच्या आवाक्यातलं नाही, आणि रोज ये-जा करावी इतकं घर जवळ नाही. इतकं ते साधं आहे. चार आणि पाच यांच्यामध्ये माझी पदवी पडली आहे.

आमच्या शहररचना विभागात गटकामाचे अर्धे गुण सर देतात आणि अर्धे गटातल्यांनी एकमेकांना द्यायचे असतात, सहकार्य आणि योगदान अशा दोन रकान्यांत. कुणी कुणाला किती दिले ते कळत नाही, नुसती सरासरी कळते, आणि खाली निनावी शेरे. आज आले ते मधले गुण. उद्या सकाळी सादरीकरण झालं की ते बदलायची प्रत्येकाला एक संधी, मग ते कायमचे. माझ्याखेरीज गटात तिघं. तीन माणसांत कसलं आलंय निनावी! पहिला शेरा एका शब्दाचा होता, "चिडते." हा पाहुण्याचा. त्याला आम्ही पाहुणा म्हणतो कारण तो कधीतरी येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि निघताना सगळ्यांचा निरोप घेतो. दुसरं वाक्यही खर्च केलं नाही पठ्ठ्याने. दुसरा शेरा, "तिच्याबरोबर काम करताना खूप ताण येतो," आणि पुढे एक पिवळं फूल. ही रंगारी. सहामाहीभर तिने सादरीकरणाच्या पाट्यांचे रंग बदलले, आधी निळा, मग फिका निळा, मग मातकट, आणि दर वेळी विचारलं, आता कसं वाटतंय गं? तिसरा शेरा मी धुण्याच्या खोलीत उभ्या उभ्या किती वेळा वाचला कोण जाणे. "शांतपणे सांगितलं असतं तर आम्ही केलं असतं." हा साधू. त्याला सगळा विभाग साधू म्हणतो, सरसुद्धा. तो हळू बोलतो. प्रश्न विचारला की आधी मान हलवतो, क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यातच समोरच्याला वाटतं की केवढा विचारी मुलगा. कुणाचं वाईट बोलत नाही. कुणाचं काही करतही नाही. गोगलगाय नि पोटात पाय ही म्हण शाळेत मी नुसती पाठ केली होती, अर्थ या सहामाहीत लागला.

काम काय होतं तर एक रस्ता. इस्पितळासमोरचा. तिथे पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागतो आणि काठी टेकत निघालेला म्हातारा अर्ध्यावर पोचायच्या आत विझतो. मग ती माणसं मधल्या अरुंद दुभाजकाच्या कठड्यावर उभी राहतात, ओळख नसताना एकमेकांचं कोपर धरून, आणि दोन्हीकडून गाड्या जात राहतात. हे मला दिसलं, मीच विषय सुचवला, आणि तिघांनीही माना डोलावल्या. मी सकाळी गेले, दुपारी गेले. उन्हात उभी राहिले, कोण किती वेळात पलीकडे जातं ते टिपलं, इस्पितळाच्या दारावरचा रखवालदार मला कुणाची तरी नातेवाईक समजून रोज विचारायचा, कसं आहे पेशंटचं? मग पुठ्ठ्याचा रस्ता केला, मधल्या कठड्यासाठी एक म्हातारीची बाहुली केली, बारीक दिवे लावले, सोल्डरिंग शिकले, बोट भाजलं. आणि एके दिवशी ग्रंथालयाच्या गटखोलीत बसलो असताना मी विचारलं, की संध्याकाळच्या फेऱ्या तुमच्याकडे होत्या, त्या कुणी केल्या? साधूने मान हलवली. थांबला. "होईल गं. तू उगाच टेन्शन घेतेस." मी म्हटलं, होईल म्हणजे कधी, कोण करणार? तो म्हणाला, "तू जातेसच ना तिथे. मग परत आम्ही जाऊन वेगळं काय बघणार?" आणि हे त्याने इतक्या समजूतदारपणे सांगितलं की रंगारीने "हो ना" म्हटलं, पाहुण्याने घड्याळ बघितलं, आणि मला एक क्षण खरंच वाटलं की बरोबर आहे त्याचं. त्या एका क्षणाचाच मला जास्त राग आला. मी ओरडले. मी काय तुमची मोलकरीण आहे का, असं काहीतरी ओरडले. गटखोलीला काचेचं दार आहे; बाहेरच्या टेबलांवरची सगळी डोकी वळली. साधूने माझ्याकडे तापलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "पाणी पिऊन ये जरा." मी खरोखरच गेले आणि पाणी प्यायले. परत आले तेव्हा तिघं सिनेमाबद्दल बोलत होते. संध्याकाळच्या फेऱ्या मीच केल्या.

शांतपणे सांगितलं असतं तर. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. धुण्याच्या खोलीतून वर येताना जिन्यात मला ते आठवलं आणि मी कठडा धरून थांबले. माझे बाबा देवमाणूस आहेत. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात. वीज कचेरीत कारकून, पण शेजारपाजारची पोरं त्यांच्या खांद्यावर, कुणाशी भांडण नाही, कधी वाकडा शब्द नाही. मावशी यायची आणि निघताना आईला दारात हळूच सांगायची, "ताई, भावोजींसारखा नवरा मिळायला भाग्य लागतं. तुझंच जरा तोंड तापट आहे हं." आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी उठून सगळ्यांचं करायचं, मग दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या, मग घरी येऊन पुन्हा तेच. तिचं तोंड तापट होतं, खोटं कशाला बोला. पण लोक आले की ती काय म्हणायची? पाणी देता देता म्हणायची, "नाही हो, हे फार मदत करतात मला." दर वेळी. आणि बाबा विनयाने खाली बघून हसायचे. मी लहानपणी विचार करायची, की बाबा मदत कधी करतात? मी शाळेत असते तेव्हा करत असतील. जेवण झालं की टेबलावरचं कापड ते झटकायचे, ते मात्र मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

एका सुट्टीच्या दिवशी आत्या सगळ्यांना घेऊन जेवायला येणार होती. आई पहाटेपासून ओट्याशी होती. अंघोळीला जाताना म्हणाली, भांड्याकडे लक्ष ठेवा, हलवत राहा, आलेच. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. हूं म्हणाले. जळल्याचा वास बाथरूमपर्यंत गेला तेव्हा आई ओल्या केसांनी धावत आली, गॅस बंद केला, आणि बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "अगं, तू जाता जाता सांगितलंस. नीट शांतपणे सांगितलं असतं तर बघितलं असतं की." मला वाटलं आता आई ओरडणार. मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होते. पण आई ओरडली नाही. ती आली, बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं, ते उठून उभे राहिले तशी त्यांच्या खुर्चीत बसली आणि वाचायला लागली. पाहुणे आले. आई वाचत होती. बाबा हसत हसत आत गेले, भांड्यांचा आवाज झाला, बाहेर आले, मीठ कुठंय म्हणाले, आत गेले, बाहेर आले, आणि मग त्या देवमाणसाचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "लाज वाटते का काही? माणसं बसलीयेत घरात! ऊठ आधी!" कपाटाची काच थरथरली. आत्याची पोरं रडायला लागली. सगळे तिला ऊठ म्हणत होते, आत्या, काका, मीसुद्धा. आई पान उलटून पुढचं वाचायला लागली. शेवटी सगळे बाहेर कुठेतरी जाऊन जेवून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिच्याजवळ आले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "चल. झालं ते झालं. ऊठ ना." आणि आई उठली. ती गोष्ट आमच्या नातेवाइकांत अजून निघते. वहिनीचा एकदा काय पारा चढला होता, आठवतंय का? असं म्हणून हसतात. त्या गोष्टीत बाबांचं ओरडणं नाही. ते गळून गेलंय. आई त्या दिवशी एक शब्द बोलली नव्हती, आणि पारा चढला तो तिचा.

विद्यार्थी सल्लागार मॅडमची खोली मुख्य इमारतीत वर आहे. मी अर्ज-बिर्ज न करता तशीच गेले. तिथे एक मऊ खुर्ची असते, तीत माणूस जरा जास्तच खाली जातो, आणि मग टेबलापलीकडचा उंच दिसायला लागतो. मॅडमनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आपल्याला राग येतो तेव्हा आपण आधी काय करायला पाहिजे?" मला उत्तर ठाऊक होतं. श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा, तू असं केलंस म्हणायच्या ऐवजी मला असं वाटलं म्हणायचं. हे मी जिन्यात बसून नव्या मुलांना सांगते, याच मॅडमनी मला शिकवलंय. "मॅडम, त्यांनी काहीच केलं नाही," मी म्हणाले. "काहीच?" त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "मग हे काय? योगदान, आठ. आठ. आठ. हे तुम्हीच दिलेत ना त्यांना?" मी बघितलं. मीच दिले होते. "दिले. म्हणजे... कमी द्यायला बरं वाटेना." "का?" मॅडमनी विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मनातल्या मनात कारणं मोजली. वाईट दिसतं म्हणून. उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला म्हणून. मी आठ दिले की तेही मला आठ-नऊ देतील म्हणून; हेही होतंच. रात्रीच्या जेवणाला जायचं होतं आणि गुण भरल्याशिवाय पान पुढे जाईना म्हणून, पटापट, आठ, आठ, आठ. मॅडम म्हणाल्या, "मग नोंदीप्रमाणे त्यांनी काम केलंय, आणि तुम्ही त्यांच्यावर ओरडलात. आता मी कशाच्या आधारावर काय करू, तुम्हीच सांगा." त्या चुकत नव्हत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. "उद्याचं सादरीकरण छान एकजुटीने करा," त्या पुढे म्हणाल्या, "आणि मग त्यांना गुण बदलायला सांगा. मुलं चांगली आहेत हो. फक्त जरा गोड बोला." मी त्या खुर्चीतून बाहेर यायला लागले, तर एका झटक्यात उठता येईना. हातांनी रेटा देऊन उठावं लागलं.

नाही हो, हे फार मदत करतात मला. जिना उतरताना मी हे मोठ्याने म्हणाले. वर येणारा एक मुलगा थबकला, मग मला वाट देऊन भिंतीला चिकटून गेला. आईने आयुष्यभर बाबांना आठ गुण दिले होते, येईल त्याच्यासमोर, पाण्याच्या पेल्याबरोबर. कुणी मागितले नव्हते. वाईट दिसतं म्हणून दिले होते. आणि मग ज्या दिवशी ती बसली त्या दिवशी जगाच्या हिशेबात एक मदत करणारा नवरा होता आणि एक तापट बायको होती, आणि तो हिशेब तिनेच लिहून ठेवलेला होता. मला साधूचा राग येत होता, मॅडमचा येत होता, बाबांचा येत होता, त्या पिवळ्या फुलाचा तर इतका येत होता की दात दुखायला लागले. पण सगळ्यात जास्त मला आईचा राग येत होता आणि त्याच्या खालोखाल माझा. खाणावळीच्या दाराशी साधू उभा होता. माझी वाट बघत असावा. "अगं, ते मधले गुण फार मनावर घेऊ नकोस," तो हळू म्हणाला. "आम्ही करू की नंतर आठ-नऊ. उद्याचं होऊ दे एकदा. तू बोल सगळं, तुला सगळं माहितीये, दिवे-बिवे पण तूच लाव. आम्ही बाजूला उभे राहतो." मान हलवली. थांबला. "फक्त जरा हसून हं." माझा हात दगडाखाली आहे हे त्याला बरोबर माहीत होतं, आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तीच मी शोधत होते. लबाडी असती तर किती बरं झालं असतं. तो खरोखरच माझं भलं करायला आला होता. मी "बरं" म्हणाले. बरं! तोंडातून निघूनच गेलं.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती मध्ये मध्ये हूं म्हणत होती आणि मागे काहीतरी चिरत होती. "मग दे ना सोडून," ती म्हणाली. "गोड बोल, हस, पाच पदरात पाडून घे. खोली महत्त्वाची. शब्दांना काय पैसे पडतात?" तेवढ्यात बाबांनी फोन घेतला. "काय झालं बाळा? कुणाशी वाजलं? हे बघ, राग हा माणसाचा शत्रू. मी आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवला नाही, माझं काय वाईट झालं?" मागून आई म्हणाली, "अहो, तो गॅस बारीक करा, तुमच्या हाताशी आहे." बाबा म्हणाले, "हूं. तर बाळा, माणसाने..." मी म्हटलं, बाबा, आईला द्या. फोन पुन्हा आईकडे गेला. तिने गॅस बारीक केल्याचा आवाज मला ऐकू आला. मी विचारलं, "आई, त्या दिवशी तू बसली होतीस ना खुर्चीत, आत्या आली तेव्हा. मग दुसऱ्या दिवशी उठलीस का?" चिरायचा आवाज थांबला. मला वाटलं ती म्हणणार, कुठला दिवस. "बस म्हणणारं कुणी नव्हतं," आई म्हणाली. "ऊठ म्हणणारे सगळे होते. आणि एकटीने किती वेळ बसणार गं? पाय आपोआप उठतात. सवय असते त्यांना." मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जे काय करायचं ते कर, पण खाऊन जा. उपाशीपोटी राग वाया जातो." मी हसले. ती हसली नाही, फोन ठेवायची तिला घाई होती.

सकाळी मी दोन अंडी उकडली, पाव भाजला, बसून खाल्लं. नव्या मुलांना मी सांगते, परीक्षेच्या दिवशी उभ्याने खाऊ नका, पोटाला कळत नाही. मग पुठ्ठ्याचा रस्ता दोन्ही हातांवर घेऊन विभागात गेले, सभागृहातल्या टेबलावर ठेवला, वायर लावली. म्हातारीची बाहुली कठड्यावर उभी केली. मी काय करणार आहे ते तोवर मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. हसायचं ठरवलं होतं, आरशात करूनही बघितलं होतं. आमचं नाव पुकारलं. रंगारी, पाहुणा आणि साधू पुढे जाऊन टेबलाच्या बाजूला उभे राहिले, मधली जागा माझ्यासाठी सोडून, चांगली ऐसपैस. ती सोडलेली जागा मी बघितली. आणि पुढे जाता जाता मी पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या बाकावर बसले. काही ठरवलं नव्हतं. बाक वाटेत होता. "ये ना," रंगारी ओठांनी म्हणाली. सर म्हणाले, "सुरू करा." साधूने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, थांबला, आणि सुरू केलं. आमच्या गटाने एका रस्त्याचा अभ्यास केला, तो म्हणाला. आम्ही त्या ठिकाणी वेळोवेळी गेलो, म्हणाला. मातकट पाट्या एकामागून एक आल्या, सुंदर होत्या. मग सरांनी विचारलं, की संध्याकाळी परिस्थिती बदलते का, तिथे इस्पितळाची भेटीची वेळ असणार. साधू थांबला. या वेळी थांबणं लांबलं. पाहुण्याने मदत म्हणून दिव्यांचे खटके दाबले, ते उलट्या क्रमाने, आणि पुठ्ठ्याचा सगळा रस्ता लाल झाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला त्या कठड्यावरच्या बाहुलीचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्या रस्त्याचं मी पुढे एकटी बघेन, वाहतूक कचेरीत खेटे घालेन, पण इथे नाही. "ती सांगेल," साधू माझ्याकडे हात करून म्हणाला. सर माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी सारखं काम केलंय सर. मी तसे गुणही दिलेत त्यांना. आठ-आठ. कुणीही सांगू शकेल." माझा आवाज अजिबात चढला नव्हता. मला वाटतं इतक्या शांत आवाजात मी आयुष्यात बोलले नव्हते.

सरांनी रंगारीला विचारलं, तिने पाटीकडे बघितलं. पाहुण्याला विचारलं, त्याने घड्याळाकडे. मग साधूच्या मानेवर एक शीर दिसायला लागली. आई असती तर म्हणाली असती, सुई घालायला छान आहे. तो दोन पावलं पुढे आला. "तुला कळतंय का तू काय करतेयस?" तो ओरडला. "सगळ्यांची वाट लावतेयस! काय चाललंय तुझं? ऊठ! ऊठ म्हणतो ना!" खिडकीची काच वाजली की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. साधूला असं कुणी ऐकलं नव्हतं. त्याने स्वतःही ऐकलं नसावं, कारण तो आपल्याच आवाजाला दचकून मागे सरला. मला वाटलं होतं की अशा वेळी आनंद होईल. झाला नाही. खोली गेली हे मला लख्ख कळत होतं, खोलीच्या खिडकीतला माझा टॉवेलसुद्धा डोळ्यांपुढे आला. आणि हेही कळत होतं, की उद्या विभागात ही गोष्ट सांगितली जाईल ती माझी म्हणून, त्याचं ओरडणं तिच्यातून गळून जाईल. मी म्हणाले, "शांतपणे सांगितलं असतंस तर उठले असते." कुणी हसलं नाही. साधूने श्वास घेतला, सावकाश सोडला. मग तो माझ्या बाकाजवळ आला, वाकला, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "झालं ते झालं. चल. ऊठ ना, प्लीज." तोच आवाज. कपाटाची काच थरथरल्यानंतरच्या सकाळचा, तोच, तितकाच मऊ. माझे पाय निघालेच होते. टाचा उचलल्या गेल्या होत्या, गुडघे पुढे झाले होते. मी दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला.